नेनोला काय कळतंय!

९ जानेवारी, गुरुवार

नेनोला घरी आणलं. तीन जिने! रुग्णवाहिकेवरच्या दोन पोरांनी खुर्चीला पट्ट्याने बांधून वर चढवला. पूर्ण वेळ डोळे मिटून होता. माझा मोठा भाऊ — लहानपणी मला खांद्यावर घेऊन ओढा ओलांडायचा, आणि आज दोघं त्याला कपाटासारखं उचलून आणतायत, "भिंतीला घासेल, सांभाळ" म्हणत.

डॉक्टरने समोर बसवून सांगितलं. मेंदूच्या डाव्या बाजूला झटका. चालेल, पाय ओढत का होईना. उजवा हात थोडाफार. "आणि बोलणं?" मी विचारलं. त्याने खांदे उडवले. "शब्दांची जागाच गेलीय, बाई. कधी थोडं परत येतं. बहुतेकदा नाही येत." "कळतं का त्याला आपण बोलतो ते?" तर म्हणे, "किती कळतं ते तोच सांगू शकेल. आणि तो तर सांगू शकत नाही!" हसला थोडा. मला हसू आलं नाही.

डिसेंबरात मेंढवाड्यातच पडला होता. खालच्या शेतावरच्या क्विंतोने पाहिला म्हणून वाचला. सध्या मेंढ्याही क्विंतोच बघतोय. वहिनी गेल्यापासून नेनो तिथे एकटाच राहत होता. मेंढ्या, एक कुत्रा आणि तो. मी वर गावात, माझ्या पुस्तकांत. रविवारी यायचा, चीज द्यायचा, कॉफी पिऊन जायचा. तेव्हा तरी कुठे फार बोलायचा!

११ जानेवारी, शनिवार

मक्याच्या पिठाचा पोलेंता केला, वर त्याच्याच मेंढ्यांच्या दुधाचं चीज किसून. चार घास घेतले, मग मान फिरवली. माझ्याकडे बघतच नाही. खिडकीकडे बघतो. खिडकीतून दिसतं काय? समोरच्या घराची कौलं!

१७ जानेवारी, शुक्रवार

संत अंतोनियोचा सण. चर्चसमोर जनावरांना आशीर्वाद देतात तो. सकाळपासून घंटा, खालून गाढवाचं रेकणं, कुत्र्यांचा गोंगाट. दर वर्षी नेनो एक मेंढी गळ्यात लाल फीत बांधून आणायचा. आणि मी? मी बाजूला उभी, कोटाला केस लागू नयेत म्हणून! आई सांगायची, या रात्री जनावरांना वाचा फुटते, पण आपण ऐकायचं नसतं.

आज वाचा-उपचार करणारी मुलगी येऊन गेली. चित्रांची कार्डं ठेवून गेली — पाव, पाणी, खुर्ची, सूर्य. ती गेल्यावर मी बसले त्याच्यासमोर. आयुष्यभर मुलांना लॅटिन आणि तत्त्वज्ञान शिकवलंय, भावाला "पाव" शिकवता येणार नाही?

"पाव. नेनो, बघ इकडे. पा-व."

घशातून एक आवाज आला. शब्द नव्हे. दार करकरतं तसा. मी परत म्हटलं. परत म्हटलं. मग मी ओरडलेच — "अरे, प्रयत्न तरी कर! माणूस आहेस ना तू!"

तोंडातून गेलं ते गेलं. त्याने डाव्या हाताने कार्ड उचललं आणि पालथं ठेवलं.

२६ जानेवारी, रविवार

उबाल्दो आला होता. माझ्याच शाळेत इतिहास शिकवायचा. निवृत्त झाल्यावर आता गावच्या सांस्कृतिक मंडळाचा अध्यक्ष, म्हणजे खुर्च्या लावण्यापासून हार घालण्यापर्यंत सगळं तोच. बडीशेपेच्या दारूची बाटली घेऊन आला, "नेनोसाठी", आणि अर्धी स्वतःच प्यायला.

वसंतातलं व्याख्यान माझंच, हे त्याने गृहीतच धरलंय. दर वर्षी असतं. नगरपालिकेच्या चित्रांच्या दालनात, विषय तोच — माणसाची थोरवी. पाचशे वर्षांपूर्वी आपल्याच टेकड्यांतल्या विद्वानांनी माणसाला सृष्टीच्या मधोमध आणून बसवलं, वगैरे वगैरे. माझं पहिलं वाक्य गावात पाठ आहे लोकांना. "माणूस हा एकटाच प्राणी असा, ज्याला आपण कोण आहोत हे सांगता येतं."

उबाल्दोने तेच म्हणून दाखवलं, पेला उंच धरून. नेनो समोरच बसला होता. ओठांच्या कोपऱ्यातून लाळ गळत होती, मी पुसली.

मी म्हटलं, "मग हा कोण?"

"कोण?"

"हा. माझा भाऊ. याला सांगता येत नाही ना आपण कोण ते."

उबाल्दो ओशाळला. मग म्हणाला, "असं काय करता, बाई! हा अपवाद. आजारी आहे बिचारा. आपण माणूसजातीबद्दल बोलतो, एकेकट्याबद्दल नाही." आणि आवाज खाली आणून, "कळतं का हो याला काही?"

आवाज कशाला खाली आणला? कळत असेल तर ऐकू जाईलच. कळत नसेल तर खाली आणायची गरजच नाही! पण लोक असंच करतात. मीही करते.

रात्रभर ते वाक्य डोक्यात. इतकी वर्षं म्हणत आले. कधी कुणी वर्गात हात वर करून विचारलं नाही — बाई, ज्याला सांगता येत नाही, त्याचं काय?

३ फेब्रुवारी, सोमवार

लिहून काढते.

सकाळी उठले तर नेनोचा पलंग रिकामा. दार सताड उघडं. बूट नाहीत — एका हाताने घातले असणार! कोट मात्र खुंटीवरच. बाहेर सगळं गोठलेलं, चौकातल्या कारंज्यालाही बर्फाची दाढी.

चौकात धावले. बेकरीत विचारलं. पोलीस ठाण्यावर गेले. मग सुचलं, क्विंतोला फोन केला. तो म्हणाला, "इथंच आहे, बाई. घाबरू नका. पण या तुम्ही."

पोलिसाच्या गाडीतून खाली गेलो. तो घाटाचा रस्ता, ती घसरण — त्या पायाने कसा उतरला असेल? कितीदा पडला असेल? गुडघे फुटलेले होते.

मेंढवाड्यात गवतावर झोपला होता. घोरत होता! चारी बाजूंनी मेंढ्या, इतक्या चिकटून की नुसता चेहरा आणि एक बूट दिसत होता. आम्ही आत शिरलो तशा उठल्या, दूर झाल्या. एक म्हातारी, फाटक्या कानाची, ती तेवढी उठली नाही. तिने त्याच्या पोटरीवर हनुवटी टेकली होती आणि रवंथ करत होती. नेनोचा चेहरा — असा चेहरा मी झटका आल्यापासून पाहिला नव्हता. कदाचित त्याआधीही बरीच वर्षं.

पोलीस तरुण होता, चांगला होता. पण म्हणाला, "अरेरे! चांगला माणूस, आणि असा जनावरांत!"

डॉक्टर आला. अंग चाचपून म्हणाला, "उघड्यावर असता तर संपला होता. मेंढ्यांच्या उबेने तगला."

मी वेडी नाही. मेंढ्यांनी त्याला वाचवलं, असं म्हणणार नाही मी. त्यांना थंडी वाजत होती, तो ऊबदार होता. त्याला थंडी वाजत होती, त्या ऊबदार होत्या. एवढंच. त्यांनी जागा दिली — तेवढंच.

पण माझ्या घरात आल्यापासून मी त्याच्या इतक्या जवळ एकदाही बसले नाही. मी समोर बसायचे. कार्डं घेऊन.

५ फेब्रुवारी, बुधवार

त्याच्या शेजारी बसले आज. खांद्याला खांदा लावून. काही बोलले नाही. अवघडले! दहा मिनिटांत उठून भांडी घासायला गेले.

९ फेब्रुवारी, रविवार

लोरिस आला बोलोन्याहून. नेनोचा मुलगा. आल्या आल्या बापाचे पाय गरम पाण्यात घेतले, नखं कापली, गुडघ्यांना मलम लावलं. मग स्वयंपाकघरात येऊन सिंकला धरून रडला. हे आधी लिहून ठेवते, कारण पुढचं वाचून कुणी त्याला वाईट म्हणू नये. (कोण वाचणार आहे!)

जेवताना विषय निघाला.

"आत्या, असं चालायचं नाही. उद्या घाटात मरून पडतील. खाली नदीकाठी वृद्धाश्रम आहे, चांगला आहे, जागा होतेय. आणि मेंढ्या विकून टाकू. ईस्टरच्या आधी. तेव्हा कोकरांना मागणी असते."

"त्याला विचारायला नको?"

"कुणाला?"

"तुझ्या बाबांना."

"आत्या —" त्याने काटा खाली ठेवला. "बाबांना काय कळतंय आता? त्यांना इथे काय आणि तिथे काय."

"मेंढ्या त्याच्या आहेत."

"मग मेंढ्यांना काय कळतंय? आज या गवतावर, उद्या त्या." मग हात जोडल्यासारखं करून म्हणाला, "आधी माणसं बघू ना, आत्या. मग मेंढ्या. हे तर तूच शिकवलंस आम्हाला."

खरं आहे. मीच शिकवलं. शाळेत आणि घरी. आधी माणसं.

पण त्याने ती दोन वाक्यं एका दमात म्हटली. बाबांना काय कळतंय. मेंढ्यांना काय कळतंय. तेच शब्द, तोच सूर! आणि त्याच्या लक्षातही आलं नाही. मी इतकी वर्षं जे कुंपण घालत आले — अलीकडे माणूस, पलीकडे बाकी सगळे — ते कुंपण जागचं हललं नाही. माझा भाऊ तेवढा पलीकडे गेला. शब्द गेले आणि गेला पलीकडे. इतकं सोपं असतं ते?

नेनो टेबलाच्या टोकाला होता. आम्ही त्याच्या अंगावरून बोलत होतो, जसं त्याच्या अंगावरून मीठ देत-घेत होतो.

कोर्टाने त्याची पालक म्हणून मला नेमलंय. सही माझी लागणार. "विचार करते," म्हटलं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

त्याला आंघोळीला नेताना दोघंही पडलो. तो माझ्या अंगावर. माझं मनगट मोडलं. मदतीसाठी ओरडले, शेजारीण यायला किती वेळ लागला! तोवर दोघं भावंडं ओल्या फरशीवर. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्याही. डाव्या हाताने माझं डोकं थोपटत होता.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

सही केली. दोन्ही कागदांवर — वृद्धाश्रमाच्या आणि मेंढ्यांच्या विक्रीच्या. प्लास्टरमधल्या हाताने, वेडीवाकडी.

त्याला विचारलं नाही. सांगितलंही नाही. तो पलीकडच्या खोलीत होता, दार उघडं होतं. विचारून काय उपयोग, उत्तर तर देणार नाही — असं मनात म्हटलं. मान तर हलवू शकतो! हो-नाही करू शकतो. मी विचारलं नाही, कारण तो "नाही" म्हणाला असता.

१४ मार्च, शुक्रवार

ट्रक आला.

लोरिस म्हणाला होता, बाबांना नको आणूस. मी आणलं. निरोप तरी घेऊ दे म्हटलं. आता वाटतं, कुणासाठी आणलं मी? त्याच्यासाठी की माझ्या मनाच्या समाधानासाठी?

व्यापारी गोष्टीवेल्हाळ, ढेरपोट्या, सारखा विनोद करणारा. कोकरं आधी वेगळी काढली, लहान गाडीत. मेंढ्या मोठ्या ट्रकमध्ये. मग जो आवाज सुरू झाला! इकडून आया, तिकडून पिल्लं. मी त्या शेतावर वाढलेय, हा आवाज लहानपणी दर वर्षी ऐकलाय. दर वर्षी मी घरात जाऊन पुस्तक उघडायचे. आज घर कुलूपबंद होतं.

नेनो ट्रकला लावलेल्या फळीच्या शेजारी उभा राहिला. एकेक मेंढी चढताना तिच्या पाठीवर हात ठेवायचा. एकीलाही सोडलं नाही. हात ठेवायचा, उचलायचा, पुढची. व्यापारी म्हणाला, "आजोबा मोजतायत वाटतं!" कुणी हसलं नाही.

फाटक्या कानाची चढेना. पुढचे पाय रोवून उभी. लोरिस आणि व्यापारी मागून ढकलत होते. ती नेनोकडे तोंड करून ओरडत होती. मी म्हटलं, "हिला ठेवा. एवढी एक राहू दे."

"एकटी मेंढी जगत नाही, बाई," व्यापारी म्हणाला. "झुरून मरते. आणि काळजी नका करू हो, जनावर आहे. दोन मिनिटांत विसरतं सगळं."

एकटी जगत नाही, झुरून मरते — आणि दोन मिनिटांत विसरते! दोन्ही एकाच तोंडाने. कुणालाच ते खटकलं नाही. मीही बाजूला झाले.

चढवली शेवटी. फळी उचलली. नेनो खाली चिखलात बसला. उठवायला गेले तर माझा हात बाजूला केला. मग माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ. इतक्या दिवसांत पहिल्यांदा असं सरळ माझ्याकडे. मला वाटलं, ओळख पटत नाहीये त्याला माझी.

कुत्रा क्विंतोने ठेवून घेतलाय. म्हणतो, रिकाम्या मेंढवाड्याच्या दारातच बसून असतो, जेवायला सुद्धा ओढून आणावं लागतं.

२० मार्च, गुरुवार

नेनोला वृद्धाश्रमात सोडलं. खोली स्वच्छ आहे. मागे अंगण, अंजिराचं झाड, कोंबड्या पाळल्यात. ओल्हा नावाची युक्रेनी बाई बघणार त्याच्याकडे. धिप्पाड, लाल गालांची, मोठ्याने बोलणारी. "बाई, तुम्ही निश्चिंत जा," म्हणाली.

निघताना त्याच्या गालाचा पापा घेतला. भिंतीचा घेतल्यासारखं वाटलं.

२१ मार्च, शुक्रवार

घर किती मोठं झालंय.

१२ एप्रिल, शनिवार

व्याख्यान झालं. झालं म्हणायचं!

दालन भरलेलं. नगराध्यक्ष पहिल्या रांगेत, खांद्यावरून पदाचा तिरंगी पट्टा. वर छतावर ते जुनं चित्र — मधोमध माणूस, हात पसरून, भोवती सूर्य-तारे. आणि पार कडेला, नक्षीत, जनावरं. कितीदा मी त्या माणसाकडे बोट दाखवून बोललेय! आज उभी राहिले, पहिलं वाक्य म्हणायला तोंड उघडलं, आणि नजर कडेला गेली. तिथे एक मेंढी आहे. कधी पाहिलीच नव्हती. नक्षीला जागा पुरली नाही म्हणून चित्रकाराने तिचं अर्धं अंगच काढलंय. अर्धी मेंढी!

मी म्हटलं, "माणूस हा एकटाच प्राणी असा —" आणि थांबले. पुढचं येईना. आठवत नव्हतं असं नाही. तोंडातून निघेना.

मग मी ट्रकची गोष्ट सांगितली. सगळी. फळी, पाठीवरचा हात, सही. लोरिसचं नाव घेतलं नाही. म्हटलं, "आपण थोर आहोत हे आपणच ठरवलं. परीक्षा आपण काढली, पेपर आपण लिहिला आणि तपासलाही आपणच. वाचा हवी, बुद्धी हवी, आठवण हवी, हे नियम आपणच केले. माझा भाऊ त्या परीक्षेत नापास झाला. आणि त्या दिवसापासून मी त्याला विचारणं सोडलं."

कुणी टाळी वाजवली नाही. कुणीतरी खोकलं. नगराध्यक्ष घड्याळ बघत होते.

बाहेर पायऱ्यांवर उबाल्दो तापलेला. त्याला असा कधी पाहिला नाही. ओठ पांढरे पडलेले.

"बाई, तुम्ही आज माणसाला मेंढी केलंत."

"मी फक्त विचारलं, कुंपण कुणी घातलं."

"कुंपण काढा हो! काढा खुशाल! पण मग माणसाला वाचवणार कोण? मेंढीला कुणी वर आणून बसवत नाही, एलीदे. माणसाला खाली नेतात. माझ्या काकांना महायुद्धात नाझींनी रेल्वेच्या गुरांच्या डब्यात घालून उत्तरेला नेलं. बारा माणसांची जागा नव्हती त्यात, पन्नास कोंबली. आजी मरेपर्यंत एकच म्हणायची — अरे, तो माणूस होता, माणूस! तेवढा एक शब्द होता तिच्यापाशी. तोही तुम्ही काढून घेणार?"

तो रडत होता. मी त्याचा हात धरला, त्याने सोडवून घेतला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला नावाने हाक मारली, आणि तीही अशी.

१३ एप्रिल, रविवार

उबाल्दो खरं बोलला. रात्रभर तेच.

पण सकाळी एक सुचलं. सुचलं म्हणजे आनंद झाला असं नाही. तो डबा आधीच तयार होता. गुरांसाठी. त्यात कुणाला कसंही कोंबलं तरी चालतं, हे आधीच ठरलेलं होतं. म्हणून मग माणसांना कोंबायला वेगळं काही बांधावं लागलं नाही. नुसतं म्हणावं लागलं — हे पलीकडचे.

त्याच्या आजीचा शब्द मला काढून घ्यायचा नाही. फक्त तो शब्द पुरला नाही. त्यांनाही पुरला नाही, नेनोलाही नाही.

हे त्याला सांगायला जाऊ? नको. दुःखात असलेल्या माणसाला मुद्दे सांगायला जाऊ नये. निदान एवढं तरी शिकले.

२० एप्रिल, ईस्टर

वृद्धाश्रमात जेवले, नेनोबरोबर. लोरिसही सहकुटुंब आला. ताटात कोकराचं मटण, बटाटे, रोझमेरी. नेनोने ताट दूर सारलं. ओल्हाने न बोलता त्याला अंडं उकडून आणून दिलं.

मी खाल्लं. चव चांगली होती. सगळं खाल्लं मी. इथे खोटं लिहून काय करू?

१५ मे, गुरुवार

दर गुरुवारी दुपारच्या बसने जाते. आता सवय झालीय दोघांनाही. अंजिराखाली बाकावर बसतो. पूर्वी मी सारखी बोलायचे, गावातलं, लोरिसचं, कोण मेलं कोण जन्मलं. आता फार बोलत नाही. खांद्याला खांदा लावून बसते. आता अवघडत नाही. कोंबड्या पायाशी येतात. तो त्यांच्याकडे बघतो, मी त्याच्याकडे.

आज मी त्याला सांगितलं. मेंढ्यांचं. म्हटलं, "नेनो, मी तुला विचारायला हवं होतं. नाही विचारलं. चुकलं माझं." तो समोर बघत राहिला. एका कोंबडीने माझ्या बुटाच्या नाडीला चोच मारली.

मग म्हटलं, "बोललास नाही तरी चालेल रे. मला आता तुझे शब्द नकोत. तू आहेस, तेवढं पुरे."

बसमध्ये बसल्यावर हलकं वाटलं. खूप दिवसांनी. नद्या, झाडं, बसमधली माणसं, कुणाची तरी टोपलीतली मांजर — सगळी एकाच कापडातली वाटली. मला वाटलं, एवढं समजायला म्हातारपण यावं लागलं, पण समजलं. शब्दांशिवायही आम्ही दोघं एकमेकांना कळतो. बहुधा शब्द असताना नव्हतो कळत.

२९ मे, गुरुवार

गेले. बसले. आले. छान गेला दिवस. अंजिरं धरलीत, अजून कच्ची आहेत.

१० जून, मंगळवार

गुरुवारी बसचा संप, म्हणून आजच गेले. मागच्या फाटकातून. नेनो बाकावर, माझ्याकडे पाठ, पायाशी कोंबड्या. आणि आवाज. आधी वाटलं, दुसरंच कुणी बसलंय. अडखळत होता, पण शब्द होते. "थांब गं... थांब. सगळ्यांना मिळेल. आज ऊन... चांगलं पडलंय."

ओल्हा कपडे वाळत घालत होती. मी तिच्याकडे पाहिलं. "ईस्टरपासून बोलतो की!" ती म्हणाली. "माझ्याशी, स्वयंपाकिणीशी, सगळ्यांशी." मग माझं तोंड पाहून, हळूच — "तुमच्याशी नाही बोलत?"

नेनोने वळून पाहिलं. मी दिसले. तोंड मिटलं.